वस्त्र कोणाच्या हातचं? क्रांतिकारक नेत्यांच्या पोशाखाचा अर्थ

अध्यक्षमहोदय, आणि भोर-वेल्ह्याच्या गावागावांतून मुद्दाम वेळ काढून आलेल्या मंडळींनो,

‘क्रांतिकारक नेत्यांचा पोशाख’ हा विषय पत्रिकेत वाचून काही जणांना वाटलं असेल की राजगड-तोरण्याच्या मुलुखात येऊन बोलायचं, तर लढायांवर बोलावं, तहांवर बोलावं, कपड्यांवर काय बोलायचं? तर आजच्या बोलण्यात तहही येणार आहे आणि लढाईही येणार आहे. फक्त मी दोन्हींकडे कापडाच्या बाजूनं बघणार आहे.

आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, त्यामुळे आधी शब्द तपासायची खोड लागली आहे. मराठीत अंगावरच्या कापडाला किती शब्द आहेत बघा. त्यातले तीन मला आज हवे आहेत : पोशाख, वेश आणि वस्त्र. पोशाख हा फार्सीतून आलेला शब्द. त्याच्या मुळाशी झाकण्याचा अर्थ आहे, पण आपण तो वापरतो रोजच्या पेहरावासाठी. त्यावरून माणसाचं गाव, धंदा आणि आपल्या देशात दुर्दैवानं जातही ओळखली जाते. वेश हा ‘घेतला’ जातो. वेश पालटला, वेशांतर केलं, असं आपण म्हणतो. आणि वस्त्र? जुन्या कागदांत वस्त्रं ‘दिली’ जातात. बाळाजी विश्वनाथांना 1713 मध्ये ‘पेशवेपदाची वस्त्रं’ मिळाली, बाजीरावांना 1720 मध्ये मिळाली. पदावर नेमणूक झाली असं न म्हणता वस्त्रं दिली असं म्हणायची रीत होती. वस्त्र म्हटलं की त्याच्या मागे देणारा एक हात असतो. हा हात लक्षात ठेवा, कारण आजचं माझं सगळं म्हणणं त्याच्याभोवती फिरणार आहे.

माझं म्हणणं थोडक्यात असं : नेत्याच्या पोशाखाचा अर्थ नुसत्या कापडात शोधला तर सापडत नाही. ते कापड कुणी दिलं, कुणी नाकारलं, कुणासमोर ते अंगावर घातलं आणि घालताना काय पणाला लावलं, यात तो असतो.

सुरुवात घरापासून करू. छत्रपती शिवाजी महाराजांची त्यांच्या काळाच्या जवळपासची काही चित्रं आज उपलब्ध आहेत. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये दख्खनी शैलीतलं एक आहे. त्या चित्रांत महाराज कसे दिसतात? अंगात पायघोळ जामा, कमरेला पटका, डोक्याला पागोटं आणि त्यावर तुरा. आता त्याच काळातल्या विजापूरच्या किंवा गोवळकोंड्याच्या एखाद्या सरदाराचं चित्र शेजारी ठेवा. घाट तोच, पटका तोच. ज्या राजानं या सगळ्या सत्तांना आव्हान दिलं, त्याचा पोशाख त्या सत्तांच्या दरबारी पोशाखासारखाच होता. मग यात क्रांती कुठे आहे? नुसत्या कापडात ती दिसत नाही असं मी म्हणतो ते यासाठीच. ती दिसते 12 मे 1666 या दिवशी, आग्र्याला.

आग्र्याला जाण्याआधी एक वर्ष मागे जाऊ. जून 1665. पुरंदरचा तह. तेवीस किल्ले गेले, बारा राहिले. त्या राहिलेल्या बारांत आपल्या वेल्ह्याचे दोन्ही किल्ले होते, राजगड आणि तोरणा. या तहानंतर बादशहाकडून फर्मान आलं आणि सोबत खिलत आली. महाराजांनी पुढे जाऊन रिवाजाप्रमाणे दोन्हींचा स्वीकार केला.

खिलत म्हणजे काय, ते नीट समजून घेतलं पाहिजे. हा अरबी शब्द आहे आणि त्याच्या धातूचा अर्थ ‘अंगातून उतरवणं’ असा आहे. मूळ कल्पना अशी की राजा स्वतःच्या अंगातलं वस्त्र उतरवून सेवकाला देतो. राजाच्या अंगाचा स्पर्श झालेलं वस्त्र ज्याच्या अंगावर आलं, तो राजाचा झाला. पुढे पुढे खास कारखान्यांत शेकड्यांनी खिलती तयार होऊ लागल्या, तरी अर्थ तोच राहिला. डोक्यापासून पायापर्यंतच्या पूर्ण पोशाखाला ‘सर-ओ-पा’ म्हणत. आपण मराठीत शिरपाव म्हणतो तो हाच. बक्षीस म्हणून आपण आज हा शब्द सहज वापरतो, पण त्यात डोक्यापासून पायापर्यंत दुसऱ्याचं होणं दडलेलं आहे. दरबारात सेवक नजराणा पुढे करतो आणि धनी वस्त्र देतो. ही देवघेव म्हणजे बिनशब्दांचा करारच असतो.

आता आग्र्याचा दरबार. त्या दिवसाची हकिकत आपल्याला जयपूरकडच्या राजस्थानी पत्रांतून कळते. रामसिंगाच्या आसपास वावरणाऱ्या परकालदास नावाच्या कारकुनानं ती लिहिली आहेत. औरंगजेबाच्या वाढदिवसाचा समारंभ होता. महाराजांनी नजराणा दिला. त्यांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत नेऊन उभं केलं. मग शिरपाव वाटायला सुरुवात झाली. शहाजाद्यांना मिळाले, वजीर जाफरखानाला मिळाला, जसवंतसिंगाला मिळाला. महाराजांना नाही. ते संतापले, बादशहाकडे पाठ करून रांगेतून बाहेर पडले आणि बाजूला जाऊन बसले. रामसिंग समजूत काढायला आला. बादशहानं माणसं पाठवली आणि आता शिरपावही पाठवला. आणि महाराजांनी तो घालायला नकार दिला. डोकं कापलं तरी चालेल, पण हे वस्त्र अंगावर घालणार नाही, अशा आशयाचं त्यांचं उत्तर परकालदास नोंदवतो.

इथे थोडं थांबू या. त्या एका दिवसात काही वेळाच्या अंतरानं दोन वेगळ्या गोष्टी घडल्या आहेत. पहिली तक्रार ‘मला वस्त्र का दिलं नाही’ अशी आहे. ही तक्रार दरबाराच्या आतली आहे. ती करणारा माणूस बादशहानं वस्त्र द्यावं आणि आपण ते घ्यावं, हा रिवाज मान्य करतो. त्याला फक्त आपली जागा खालची वाटते. दुसरी गोष्ट मात्र वेगळ्या जातीची आहे. वस्त्र समोर आलं आहे, सगळा दरबार बघतो आहे, जीव बादशहाच्या मुठीत आहे, बरोबर लहान मुलगा आहे. आणि हा माणूस म्हणतो, नको. तक्रारीपासून नकारापर्यंतचं हे अंतर थोड्याच वेळात कापलं गेलं. बंडखोर आणि क्रांतिकारक यांच्यातला फरक वर्गात शिकवताना मला हेच उदाहरण सर्वांत उपयोगी पडलं. बंडखोराला दरबारात बरी जागा हवी असते. क्रांतिकारक जागा वाटणाऱ्याचा तो अधिकारच मानत नाही.

महाराज आग्र्याहून निसटले आणि राजगडला परतले. ते बैराग्याच्या वेशात आले, अशी परंपरा आहे. माझ्या तीन शब्दांतला दुसरा शब्द इथे येतो. बादशहाचं वस्त्र नाकारलेला राजा ज्याला कुणीच काही दिलेलं नसतं अशा माणसाचा वेश घेऊन आपल्या मुलुखात येतो. इतिहास कधी कधी आपल्याहून चांगली रचना करतो.

वेशाचं आणखी एक उदाहरण या मातीच्या फार जवळचं आहे. जुलै 1660, पन्हाळ्याचा वेढा. महाराज रात्री गडावरून निघाले तेव्हा त्यांच्याबरोबर कोण होते? हिरडस मावळातले बांदल. म्हणजे तुमचे भोरकडचे. बाजीप्रभू देशपांडे याच फौजेतले. घोडखिंडीत त्यांनी काय केलं ते इथल्या शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण त्या रात्री दुसरी एक पालखी निघाली होती. तिच्यात शिवाजी काशीद बसले होते. पन्हाळ्याखालच्या नेबापूरचे, नाभिक समाजातले. अंगावर महाराजांचा पोशाख. सिद्दीच्या फौजेनं ती पालखी पकडली आणि ओळख पटल्यावर काशिदांना मारलं, असं परंपरा सांगते.

नुसतं शौर्य म्हणून याकडे आपण बघतो, ते बरोबरच आहे. पण कापडाच्या बाजूनं बघा. राजाचा पोशाख एका नाभिकाच्या अंगावर चढला आणि काही काळ का होईना, शत्रूच्या सैन्याला तो राजाच वाटला. म्हणजे राजेपण रक्तात दिसत नव्हतं, पोशाखात दिसत होतं. ज्या समाजात कुणी काय नेसावं हे जन्मानं ठरत होतं, त्या समाजात ही फार मोठी उघडकीस आलेली गोष्ट आहे. आणि दुसरी बाजू अशी की काशिदांना जे वस्त्र मिळालं, त्याच्याबरोबर मरण मिळालं. त्यांनी ते जाणून घेतलं. वस्त्र घालताना काय पणाला लावलं, हा माझा प्रश्न मी इथूनच घेतला आहे.

मग येतो 6 जून 1674. रायगडावर राज्याभिषेक. आता महाराज स्वतः वस्त्रं देतात. अष्टप्रधानांना देतात. देणारा हात बदलला. वस्त्र देण्याची भाषा महाराजांनी मोडली नाही, त्या भाषेतला बोलणारा बदलला. आणि मंडळी, त्याचा परिणाम तुमच्या गावाच्या नावालाच चिकटलेला आहे. भोरचे संस्थानिक ‘पंतसचिव’ म्हणवले जात, ते का? अष्टप्रधानांतलं सचिवपद राजाराम महाराजांच्या काळात शंकराजी नारायण यांच्याकडे आलं आणि पुढे त्या घराण्यात राहिलं. संस्थान 1948 मध्ये विलीन झालं. ज्या संस्थानात तुमच्या आजोबा-पणजोबांनी कर भरले, ते अशा एका वस्त्राच्या दानातून उभं राहिलेलं होतं.

पण इथे मला एक अवघड प्रश्न विचारायचा आहे. वस्त्रं प्रधानांना मिळाली. मावळ्याला काय मिळालं? कारी, शिंद, भुतोंडे या गावांमधून जी माणसं गेली, कान्होजी जेध्यांच्या, बाजीप्रभूंच्या, येसाजी कंकांच्या मागोमाग जी नावं नसलेली माणसं गेली, त्यांच्या अंगावर काय होतं? लंगोटी, डोक्याला मुंडासं, खांद्यावर घोंगडी. या मुलुखात घोंगडी म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. रात्री अंथरूण, थंडीत पांघरूण, आणि पावसात तिची खोळ केली की अर्ध्या अंगाचं घर. भातलावणीला बाईमाणसं पानांचं इरलं पाठीवर घेत, गडीमाणूस घोंगडीची खोळ घेई. ही घोंगडी कुणी दिलेली नव्हती. धनगरानं विणली, शेतकऱ्यानं धान्य देऊन घेतली. तिला दरबारात जागा नव्हती. ती दरबारात जायला आणखी दोनशेहून अधिक वर्षं लागली, आणि ती जोतीराव फुल्यांच्या खांद्यावरून गेली.

महात्मा फुले गरीब होते म्हणून तसे कपडे घालत, असा कुणाचा समज असेल तर तो काढून टाका. ते व्यावसायिक होते, बांधकामाचे ठेकेदार होते. पुण्याहून भोरकडे येताना कात्रजच्या घाटात जुना बोगदा लागतो, त्याच्या कामातही त्यांच्या कंपनीचा हात होता. पुण्याच्या नगरपालिकेचे ते सभासद होते. नीटनेटकं वागणारा, नीटनेटका पेहराव करणारा माणूस. आणि सरकारी मानाचं वस्त्रही त्यांना मिळालेलं होतं. 1852 मध्ये विश्रामबागवाड्यात मेजर कँडी यांच्या उपस्थितीत, मुलींच्या आणि अस्पृश्यांच्या शाळा काढल्याबद्दल सरकारनं त्यांचा शालजोडी देऊन गौरव केला होता. त्यांनी तो घेतला. यात गैर काही नव्हतं. काम खरं होतं आणि गौरवही खरा होता.

आता 2 मार्च 1888. पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या सन्मानार्थ समारंभ ठेवला होता. ड्यूक म्हणजे राणी व्हिक्टोरियाचे चिरंजीव. शहरातले मातब्बर लोक भरजरी कपडे, दागदागिने घालून आले. आणि तिथे जोतीराव आले ते शेतकऱ्याच्या वेशात. फाटकं धोतर, फाटकं पागोटं, खांद्यावर घोंगडी, पायात जुन्या वहाणा. दारावर त्यांना अडवलं गेलं, मग यजमानांनी आत नेलं. तिथे ते बोलायला उभे राहिले आणि ड्यूकना त्यांनी बजावलं की इथे चमकणाऱ्या लोकांना हिंदुस्थान समजू नका. राणीची खरी प्रजा अशी आहे, माझ्यासारखी दिसते, आणि तिच्या मुलांना शिक्षण हवं आहे, हे आईसाहेबांना जाऊन सांगा.

पाच वर्षांपूर्वी, 1883 मध्ये, त्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला होता. त्यात शेतकऱ्याचं घर, त्याचं अन्न, त्याचे कपडे यांचं इतकं बारीक वर्णन आहे की वाचताना घामाचा वास यावा. पण पुस्तक ड्यूक वाचणार नव्हते. म्हणून जोतीरावांनी पुस्तकातलं ते पान अंगावर घालून नेलं. आणि बघा, 1869 मध्ये शिवाजी महाराजांवर पोवाडा रचणारा हाच माणूस. शेतकऱ्यांचा राजा म्हणून त्यांनी महाराजांकडे पाहिलं. रायगडावर प्रधानांना वस्त्रं मिळाली तेव्हा जो मावळा बाहेर उभा होता, त्याची घोंगडी त्यांनी राजपुत्राच्या समोर आणून ठेवली.

तुम्ही म्हणाल, हाही वेशच झाला. घेतलेला, खरा नव्हे. आक्षेप बरोबर आहे. पण बहुतेक वेशांतरं स्वतःला लपवण्यासाठी असतात. जोतीरावांनी वेश घेतला तो ज्यांना लपवलं गेलं होतं त्यांना दाखवण्यासाठी. आणि त्यासाठी त्यांनी स्वतःची प्रतिष्ठा, कंत्राटदाराला लागणारी सरकारी मर्जी, दारावरचा अपमान, हे सगळं पत्करलं.

सावित्रीबाईंची गोष्टही इथे सांगायला हवी, कारण कपड्यावर आपणच अर्थ लिहितो असं नाही, विरोधकही लिहितो. त्या शाळेत जायला निघाल्या की लोक त्यांच्यावर शेण-चिखल फेकत. म्हणून त्या एक जादा लुगडं जवळ ठेवत. शाळेत पोचल्या की बदलायचं आणि शिकवायला उभं राहायचं. क्रांतिकारकांच्या पोशाखांचं संग्रहालय कुणी काढलं तर तलवारी-चिलखतांच्या आधी मी ते जादा लुगडं ठेवीन.

आता आपल्या भोरहून वरंधा घाट उतरू या. खाली महाड. डिसेंबर 1927. मनुस्मृती जाळली ती परिषद सगळ्यांना माहीत आहे. पण तिथे जमलेल्या स्त्रियांसमोर बाबासाहेब आंबेडकरांनी जे भाषण केलं, त्याची चर्चा कमी होते. त्यांनी बायकांना काय सांगितलं? तुमची लुगडं नेसायची पद्धत ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती बदला. गळ्यात गाठलीभर माळा आणि हातात कोपरापर्यंत गोठ-पाटल्या, याही खुणाच आहेत, त्या टाका. वस्त्र फाटकं असलं तरी स्वच्छ असू द्या. वेगळ्या पद्धतीनं नेसायला जास्त पैसे लागत नाहीत. आणि तिथेच अनेकींनी नेसण बदलली.

शहरात राहणाऱ्या माणसाला हे किरकोळ वाटेल. नेसण बदलून काय होतं? याचं उत्तर बाबासाहेबांनी 1936 च्या ‘जातिप्रथेचं विध्वंसन’ या भाषणात दिलेल्या एका उदाहरणात आहे. 1928 च्या सुमारास इंदूर भागातल्या काही गावांत सवर्णांनी बलाई समाजाला नियम घालून दिले होते. त्यांच्या पुरुषांनी जरीकाठी पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचं धोतर नेसायचं नाही. बायकांनी सोन्याचांदीचे दागिने घालायचे नाहीत. मान्य केलं नाही तर विहिरी बंद, रस्ते बंद. धोतराच्या काठासाठी माणसाचं पाणी तोडणारा समाज कापडाला किरकोळ समजत नव्हता. कुणी काय घालू नये हे ठरवण्याचा हक्क हाच तिथे सत्तेचा पुरावा होता. महाडला त्या बायकांनी नेसण बदलली तेव्हा तो हक्क नाकारला गेला. आग्र्याच्या दरबारात जे घडलं, त्याच्याच जातीची ही कृती आहे, असं मी जबाबदारीनं म्हणतो. तिथे दिलेलं वस्त्र नाकारलं, इथे लादलेलं.

यावरून एक नेहमीचा वाद सुटतो. 1931 च्या शरदात लंडनला दुसरी गोलमेज परिषद भरली. एकाच परिषदेत गांधीजी पंचा नेसून बसलेले आणि बाबासाहेब सूट-टायमध्ये. लोक विचारतात, यांतला खरा भारतीय कोण? प्रश्नच चुकीचा आहे. गांधीजी बॅरिस्टर होते, सूट घातलेले होते. सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईला त्यांनी अंगावरचं कमी केलं, कारण स्वदेशीचं कापड गरिबांना पुरेसं मिळत नव्हतं. ज्याच्याकडे होतं त्यानं उतरवलं, यात त्याचा अर्थ आहे. ज्याच्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या उघडंच ठेवलं गेलं, त्यानं पंचा नेसला असता तर गावानं म्हटलं असतं, बरोबर, तुझी जागा तीच. म्हणून बाबासाहेबांचा सूट हा इंग्रजांची नक्कल नव्हता. आपल्याला कुणी नेसवावं आणि कुणी उघडं ठेवावं, हे यापुढे तुम्ही ठरवणार नाही, असं ते इथल्या समाजाला सांगत होते. आज गावोगावच्या पुतळ्यांवर निळा सूट दिसतो, त्याचं वजन हे आहे. दोघांनी केलेलं काम एकाच प्रकारचं होतं, सुरुवातीची जागा मात्र वेगळी होती.

हे आपल्याकडेच घडतं असं समजू नका. मे 1789 मध्ये व्हर्सायला फ्रान्सची सभा भरली तेव्हा सरदारांना जरीचे झगे आणि पिसांच्या टोप्या, आणि तिसऱ्या वर्गाच्या प्रतिनिधींना साधे काळे कपडे, असा दंडकच होता. पुढे पॅरिसच्या कष्टकऱ्यांची लांब विजार ही क्रांतीची खूण झाली, कारण गुडघ्यापर्यंतची तंग विजार ही श्रीमंतांची होती. 1793 मध्ये क्रांतिसभेनं ठराव केला की यापुढे कुणी कुणावर पोशाखाची सक्ती करायची नाही. पण त्यातही एक मेख होती. ज्यानं त्यानं आपापल्या लिंगाला साजेसाच पोशाख करायचा. क्रांतीनं सरदारांची सक्ती उठवली आणि बायकांवरची ठेवली. महाडच्या भाषणाचं महत्त्व अशा तुलनेतूनही कळतं.

आणखी एक उदाहरण, जरा कडू. तुर्कस्तानात केमाल पाशांनी 1925 मध्ये कायदा करून फेज टोपी बंद केली आणि युरोपीय हॅट आणली. आधुनिकतेसाठी केलं, हेतू मोठा होता. पण विरोध करणाऱ्या काहींना फासावर जावं लागलं. सत्तेवर आलेली क्रांती जेव्हा कपडे वाटू लागते, तेव्हा ती पुन्हा खिलत वाटत असते. आपल्या खादीचं काय झालं? ती परदेशी सत्तेला दिलेला नकार होती. ती घालून माणसं तुरुंगात गेली. स्वातंत्र्यानंतर तीच पांढरीशुभ्र, कडक इस्त्रीची खादी पुढाऱ्याची ओळख झाली, आणि शेतकरी तिच्यासमोर हात जोडून उभा राहू लागला. कापड तेच. पणाला लावण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा अर्थ उलटा झाला.

मंडळी, आता आजचं बोलू, आणि थांबू. वेल्हे तालुक्याला आता राजगड असं नाव मिळालं आहे. गडावर जाणाऱ्यांची गर्दी वाढली आहे, आणि ती चांगली गोष्ट आहे. शिवजयंतीला पोरं मावळ्याचा पोशाख भाड्यानं आणतात, कौतुक वाटतं. प्रत्येक समारंभात प्रत्येक पाहुण्याला फेटा बांधला जातो. कुठे कुठे पुढाऱ्याच्या डोक्यावर जिरेटोप चढवतात आणि मग त्यावरून वाद होतात. मला त्या वादात पडायचं नाही. मी एवढंच सुचवतो की असं वस्त्र दिसलं की दोन गोष्टी विचाराव्यात : हे कुणाच्या हातून आलं, आणि घालणाऱ्याला त्याची किंमत काय पडली? आग्र्याला किंमत जिवाची होती. पालखीतल्या काशिदांनी ती मोजली. ज्या शिरोभूषणासाठी काहीच मोजावं लागत नाही, ते शिरपाव आहे. आणि शिरपाव देणारा कधी ना कधी हिशेब मागतो.

आणि तिसरा प्रश्न आपण आपल्यालाच विचारायचा आहे. रंगमंचावरच्या मावळ्याच्या घोंगडीला आपण टाळ्या वाजवतो. पण खरी घोंगडी पांघरणारा, पावसात खाचरात उभा असणारा माणूस जेव्हा तालुक्याच्या कचेरीत किंवा बँकेत काम घेऊन येतो, तेव्हा तो घरून काय विचार करून निघतो? त्याला वाटतं, हे कपडे बदलून जावं, नाहीतर साहेब बसायलाही सांगणार नाही. धुतलेला सदरा घालून येतो, चिखलाचे पाय पुसतो, तरी बाकाच्या कडेला बसतो. त्याला तसं वाटतं आहे, तोवर जोतीरावांना दारावर अडवणारा शिपाई अजून नोकरीवर आहे असं समजायचं. या सभागृहात सरकारी नोकरीतली मंडळी असतील, शिक्षक असतील, बँकेतले असतील. त्यांना माझी विनंती आहे. उद्या कामावर गेल्यावर चिखलाच्या पायांचा कुणी आला, तर आधी त्याला खुर्ची द्या आणि मग काम विचारा.